रुमालावरचा तिसरा पर्याय

८ एप्रिल, मंगळवार

आजपासून कोपऱ्यावरच्या बेकरीत बुरेकाच्या तेलकट तुकड्याबरोबर एकच कागदी रुमाल. एकच! या क्रागुयेवात्स शहराने बाँब पाहिले, कारखाना बंद पडताना पाहिला, अकरा शून्यांची नोट पाहिली, आणि या सगळ्या काळात बुरेकाबरोबर दोन रुमाल मिळत राहिले. आता ते पर्व संपलं. हा निर्णय कोणत्या पातळीवर झाला, असं काउंटरवरच्या बाईंना विचारलं. "मालकाने सांगितलंय." दाद मागायची कुठे? पाटी नाही, तक्रारवही नाही.

लोकांना वाटेल, एवढं काय त्यात. एका रुमालाने तोंड पुसायचं असतं. दुसऱ्यावर मी विचार करते. वीस वर्षं साप्ताहिकात माझं सदर चालू आहे, त्यातला एकूण एक लेख दुसऱ्या रुमालावर सुरू झालाय. आज होता तोच तेलकट रुमाल मधोमध फाडला आणि अर्ध्यावर लिहिलं —

एक: बेलग्रेडचं वर्कशॉप. हातची घडण, स्टेनलेस, देखणा. साडेसहाशे युरो. म्हणजे माझी गाडी आणि वर दोन बकऱ्या.

दोन: नोवी सादच्या आयातदाराकडे पडून असलेला, पूर्वेकडून आलेला. एकोणनव्वद युरो. आमच्या इंजिनाला "जवळपास बसतो" म्हणे.

तीन: लिहिलं नाही.

मॅनिफोल्ड हवाय. चार सिलिंडरांचा जळका धूर एका तोंडाशी आणून टर्बोच्या गळ्यात ओतणारं लोखंड, बस्स. आमच्या गावच्याच कारखान्यातली माझी जुनी गाडी युगो, तिचं इंजिन मी हिवाळाभर बसून बांधलं. टर्बो भंगारातल्या डिझेल व्हॅनचा, फेब्रुवारीत मिळाला. मधला हा तुकडा तेवढा नाही. आणि १८ मेला घाटाची शर्यत! नववर्षाच्या अंकात मीच लिहून बसलेय की एक्कावन्न वर्षांची बाई आपल्या गावच्या गाडीतून दंतवैद्य मिलेन्कोच्या जर्मन गाडीला मागे टाकणार. छापून आलंय. बेकरीत, पोस्टात, दाताच्या दवाखान्यातसुद्धा लोक विचारतात.

जीभ कापून ठेवावी कधीकधी. पण मग खायचं काय — सदरावरच तर जगते.

९ एप्रिल

तिसऱ्या पर्यायाचा विचार केला. नाही म्हणजे नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

बेलग्रेडला फोन केला. इंजिन कोणतं, टर्बो कोणता, इंजिनाला आवळायच्या पट्टीची, फ्लँजची, मापं काय, सगळं सांगितलं. तिकडचा ऐकत होता. मग म्हणाला, "बरं, आता तुमच्या यजमानांना देता का फोन, म्हणजे नीट बोलता येईल."

यजमान साडेचार वर्षांपूर्वी गेले. मेले नाहीत, गेले. स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहतात आणि त्यांना क्लचप्लेट आणि जेवायची प्लेट यांतला फरक अजून कळलेला नाही. एवढं सगळं त्याला सांगितलं. फोन ठेवला त्याने.

साडेसहाशे युरो वाचले म्हणायचे. नोवी सादला पैसे पाठवले. गेले ते एकोणनव्वद.

१६ एप्रिल

आला. जत्रेतल्या बांगड्यांसारखा चमकतोय! भोकं दोन मिलीमीटर इकडे-तिकडे. कानशीने घासून घासून बोटांची सालं गेली, पण बसवला.

१७ एप्रिल, गुरुवार

तडकला.

घाटात दोन फेऱ्या छान झाल्या. टर्बो शीळ घालायला लागला आणि मी त्या गाडीत एकटी वेड्यासारखी हसत होते. तिसऱ्या फेरीत आवाज बदलला, शिवणयंत्र चालावं तसा. बावीस किलोमीटर! एकोणनव्वद युरोत बावीस किलोमीटर, टॅक्सीनेसुद्धा स्वस्त पडलं असतं. बॉनेट उघडलं तर टर्बोच्या मानेशी वेल्डला केसाएवढी चीर, आणि तिच्यातून ज्वाळा वायरिंगकडे जीभ काढतायत.

आयातदार म्हणतो, तुम्ही फार तापवला असणार. टर्बोचा मॅनिफोल्ड तापवला! माझंच चुकलं, फ्रिजमध्ये ठेवून चालवायला हवा होता.

२० एप्रिल, ईस्टर

शेजारणीशी रंगीत अंड्यांच्या टकरीचा सणाचा खेळ. माझंच फुटलं.

२३ एप्रिल

लिहूनच टाकते. तीन: ओब्राद.

ओब्राद माझा कूम, मी त्याची कुमा. माझ्या लग्नात साक्षीला उभा राहिलेला. आमच्याकडे हे नातं सख्ख्या भावाच्या वर, आणि लग्न मोडलं तरी ते मोडत नाही. म्हणजे नवरा सुटतो, कूम सुटत नाही! घरं उबदार ठेवायला शहरभर गरम पाणी सोडणाऱ्या बॉयलरघरात तो एकतीस वर्षं वेल्डर आहे. त्याने जोडलेला पाइप गळलाय असं या गावात कुणी ऐकलेलं नाही.

आणि साडेचार वर्षांत मी त्याच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवलेलं नाही.

का ते या वहीला सांगायला हरकत नाही. ६ मे, ज्युर्जेवदान. त्याच्या घराण्याच्या संताचा दिवस, त्याच्या घरची स्लावा. ल्युबिंको, माझा माजी नवरा, तिथे दर वर्षी जाणार हे उघड आहे. तो ओब्रादचा शाळेपासूनचा मित्र. मग मी कशी जाऊ? त्याच्यासमोर बसून कोकराचं हाड चघळू? ओब्रादला माझी पर्वा असती तर एकदा फोन केला असता — कुमा, ये, मी बघतो त्याचं काय करायचं ते. चार स्लावा झाल्या. एकदाही केला नाही!

स्लावाला कुणी कुणाला बोलावत नसतं, ठाऊक आहे मला. दार उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो, आणि बोलावणं करणं हाच अपमान. त्यावर मीच एक लेख लिहिलाय, लोक हसले होते. पण नियम काय माणसांपेक्षा मोठे?

त्याने त्याला निवडलं. सरळ आहे.

२४ एप्रिल, गुरुवार

गेले. घरी नव्हे, बॉयलरघरात. पंधरा तारखेला गरम पाण्याचा हंगाम संपला, त्यामुळे वेल्डर लोक उन्हात बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होते. ओब्राद उठून आला. केस पिकलेत. माझेही.

तो काही बोलायच्या आत मी सुरू केलं. ग्राहक म्हणून आलेय, तडकलेला नमुना सोबत आणलाय, काय होतील ते सांग, रोख देईन.

त्याने तो मॅनिफोल्ड हातात घेऊन फिरवला. "दीड मिलीमीटरच्या नळीला हा एवढा टर्बो टांगलास? आधार न देता?"

"किती घेशील ते बोल."

"ग्राहकांची कामं मी घेत नाही. सरकारी नोकर आहे."

"मग?"

"कुमेचं घेतो. तिला म्हणावं, मंगळवारी संध्याकाळी ये."

"ती नाही येणार."

"ग्राहकाने निरोप द्यावा," म्हणाला आणि बिया सोलायला गेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीत बसून पाच मिनिटं स्टिअरिंगला शिव्या दिल्या.

२९ एप्रिल

मंगळवार. गेले. मागच्या गल्लीच्या दाराने, थेट त्याच्या शेडमध्ये. घरात पाऊल टाकलं नाही, हे नोंदवून ठेवते.

बॉयलरघराच्या भंगारातून जाड बेंड आणलेत त्याने. वाफेच्या पाइपांचे, चार मिलीमीटर जाडीचे. भंगाराची पावतीही दाखवली, न विचारता. "दिसायला म्हैस आहे. पण तुझ्या नातवंडांना पुरेल." नातवंडं नाहीत मला. ते त्यालाही माहीत आहे. दोघांनी विषय तिथेच सोडला.

फरशीवर खडूने चारही वाटा काढल्या. मग कोपऱ्यातून एक मेलेलं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, ओढलं, आमच्याच इंजिनाचं, झडपांशिवायचं. त्यावर नवा फ्लँज आठही नटांनी आवळला. म्हणाला, वेल्ड करताना आणि केल्यावरही तो असाच बांधलेला राहायला हवा. थोडं इकडे, थोडं तिकडे, मग गार. पूर्ण गार होईपर्यंत नट सोडायचा नाही, नाही तर फ्लँज वाकडा होतो. हे त्याने दोनदा सांगितलं. मी काय पहिलीतली पोर आहे?

चार वर्षांबद्दल एक अक्षर नाही. त्याने काढलं नाही, मी कशाला काढू.

५ मे, सोमवार

झाला! खरंच म्हशीसारखा दिसतो. काळा, रुंद खांद्यांचा. वेल्ड मात्र माशाच्या खवल्यांसारखे, एकावर एक, सारखे. कौतुक ओठांपर्यंत आलं, गिळलं.

शेवटचा टाका घालून त्याने तो हेडसकट गरम राखेच्या पिंपात पुरला. "गुरुवारी काढू."

गुरुवारी! परवा बुधवारी सकाळी आठला गाडी टेस्ट बेंचवर लावायची आहे. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली वेळ, पुढची थेट वीस तारखेला, शर्यत झाल्यावर. आणि बेंचवर सेटिंग केल्याशिवाय हे इंजिन घाटात नेणं म्हणजे पिस्टन वितळवायला नेणं. हे सगळं समजावलं. मग उद्या काढून दे, म्हटलं.

"उद्या ज्युर्जेवदान आहे, कुमा."

"मला माहीत आहे उद्या काय आहे."

उद्याची तारीख कॅलेंडरात लाल अक्षरात. त्या दिवशी या घरात हत्याराला हात लागत नाही, त्याच्या आजोबांपासून. तो दारात उभा राहिला. काही बोलेल असं वाटलं. मी थांबले होते, खोटं कशाला लिहू. मग म्हणाला, "बरं तर."

बरं तर! चार वर्षं वाट पाहून हे मिळालं.

६ मे, मंगळवार

तेरा नंबरचा पाना पर्समध्ये घातला आणि गेले.

मागच्या गल्लीत गाड्याच गाड्या. फाटकाला लागून निळी व्हॅन. ल्युबिंकोची निळी व्हॅन मी घरापेक्षा जास्त वेळा धुतलीय. आतून माणसांचा गलका, पेले, आणि मध्येच एक मोठं खोकल्यासारखं हसू. खिडकीकडे पाहिलं नाही. शेडचं दार नुसतं लोटलेलं होतं.

पिंपातली राख वरून गार, आत हात घालवेना. वेल्डिंगचे हातमोजे चढवले आणि हेडसकट ओढून बाहेर काढलं. आठ नट. पहिला सोडताना लोखंडाने टक् आवाज केला. दुसऱ्यालाही केला. मला काय, मी सोडत गेले.

सहाव्या नटाला उजेड अडला. दारात स्तोयांका, ओब्रादची बायको. निळा पोशाख, केस बांधलेले, हातात ट्रे. ट्रेमध्ये गोड शिजवलेल्या गव्हाचा वाडगा, वर पिठीसाखरेचा क्रॉस काढलेला, शेजारी पाण्याच्या पेल्यात चमचे. घरात येणाऱ्या प्रत्येकाने आधी हा एक चमचा घ्यायचा, मग बाकीचं. बहुतेक तिने मला फाटकातून शिरताना पाहिलं होतं.

तिने पान्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. काम करतेस, आज — असलं काही म्हणाली नाही. म्हणाली, "एक चमचा घे, कुमा."

"हात राखेने भरलेत."

"हाताने कुठे खायचंय? चमचा आहे."

"घाई आहे गं."

ती तिथेच उभी राहिली. मी उरलेले दोन नट काढले, मॅनिफोल्ड गोणपाटात गुंडाळला, छातीशी धरला — जॅकेटमधून चटका बसत होता — आणि तिच्या बाजूने निघून आले. ट्रे तिने आडवा धरला नाही. बाजूला झाली.

बरोबरच केलं मी. तो आत बसून हसत होता ना! मग मी कुठल्या तोंडाने चमचा घ्यायचा?

७ मे

फ्लँज वाकडा. वाकडा! बेंचवर चौथ्या मिनिटाला गॅस्केट फाटलं, मागच्या दोन सिलिंडरांतून धूर थेट बाहेर. बेंचवाला पोरासारखा हसला आणि म्हणाला, "बाई, हा मॅनिफोल्ड आहे की रॉकेल-स्टोव्ह?" वेळ गेली, पैसे गेले, शर्यत गेल्यात जमा.

एकतीस वर्षांचा वेल्डर! गावभर नाव! आणि माझ्या कामाला हे असं. मुद्दाम केलं म्हणत नाही. पण त्याच्या मित्राच्या कामात असं झालं असतं का?

घरी येऊन एका बैठकीत लेख लिहिला. "बॉयलरघराचा संत." एक वेल्डर. वर्षातले निम्मे दिवस लाल अक्षरं म्हणून त्याची हत्यारं विश्रांती घेतात, आणि उरलेल्या निम्म्यात तो जे जोडतो ते वाकडं होतं. त्याच्या घरी संत येतो तोही वाकडी मान करून. नाव घातलं नाही. गरज काय? संध्याकाळी पाठवून दिला.

बरेच महिन्यांनी इतका सुरेख जमलाय.

८ मे, गुरुवार

फ्लँज घासून सपाट होतो का बघायला लेथवाल्या सावोकडे नेला. सावो सत्तर वर्षांचा आहे, त्याला कमी ऐकू येतं आणि तो त्याहून कमी बोलतो. त्याने आधी वेल्डवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग फ्लँजवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडाकडे केली. टोकाला दीड मिलीमीटरची फट.

"ओब्रादचं काम?"

मी मान हलवली.

"हेडवर बांधून केलं असणार त्याने. सोडलं कधी?"

"परवा."

"आणि शेवटचा वेल्ड?"

"त्याच्या आदल्या संध्याकाळी."

त्याने लेथ बंद केला. "गरम असताना सोडलं."

"कोमट होतं."

"हात लावलास?"

"हातमोजे घालून," म्हणाले. स्वतःच्या कानांनी ऐकलं.

त्याने मॅनिफोल्ड माझ्या हातात परत दिला. घासून इतकी फट काढली तर फ्लँज पत्रा होईल म्हणाला, हे परत त्याच हेडवर आवळून लाल करून, मग गार करायला लागेल. "वेल्डरची यात काही चूक नाही. त्याच्याचकडे ने. हे वाकडं कसं झालं ते त्याला न सांगता कळेल."

टक्. पहिला नट. टक्. दुसरा. मी ऐकलं होतं ना ते!

संपादकाला फोन लावला. लेख काढ म्हटलं, दुसरा देते, रात्रभर जागून लिहिते, रुमालाविषयी लिहिते. म्हणाला, पान चार वाजताच छपाईला गेलं. "का गं, झकास झालाय. ऑफिसात मोठ्याने वाचला, सगळे पोट धरून हसत होते."

मुद्दाम शिव्या द्यायला आज कुणी सापडेना. आरसा होता, तोही न्हाणीघरात, आणि तिथला दिवा गेलाय.

९ मे, शुक्रवार

अंक आला. बेकरीतल्या बाईंनी बुरेकाबरोबर दोन रुमाल दिले. मालक वाचून इतका हसला म्हणे, की तुम्हाला आजपासून कायम दोन.

बुरेक तिथेच ठेवला. मॅनिफोल्ड घेऊन ओब्रादकडे गेले. पुढच्या दाराने.

टेबलावर साप्ताहिक माझ्या पानावर उघडं. ओब्रादने चष्मा काढला, गोणपाट सोडलं, फ्लँज बघितला आणि शेडकडे गेला. थोड्या वेळाने हेड ओढल्याचा आवाज आला.

मग स्तोयांकासमोर तोंडातून निघालंच, मंगळवारी ल्युबिंको चांगला रमला होता ना. तिला कळेचना. निळी व्हॅन तिच्या भावाची. गावाहून कोकरू घेऊन आला होता.

"ल्युबिंको तुमचं मोडल्यापासून एकदाही आलेला नाही," ती म्हणाली. "तू येशील म्हणून. दर ज्युर्जेवदानला ओब्राद दोन ताटं जास्तीची मांडतो आणि रात्री मी ती तशीच उचलते."

मग तिला विचारलं, गहू उरलाय का.

फ्रिजमध्ये बरणीच्या तळाशी होता. साखर भिजून करडी झालेली. तिने चमचा दिला आणि ती ओट्याकडे वळली. मी उभं राहून घेतला. एक, दोन, तीन, चार, आणि यंदाचा पाचवा. बाहेर शेडमध्ये तो नट आवळत होता, आठही ऐकू आले. चमचा धुतला, पुसला, जागेवर ठेवला.